पटाशीची धार पावसाळ्यात टिकत नाही: दोष कुठे शोधायचा

मे महिन्यात मन लावून धार केलेली पटाशी जुलैतल्या एखाद्या रविवारी बाहेर काढावी आणि ती सागवानात शिरायच्या ऐवजी नुसती लाकूड चेचत बसावी, ही मुंबईत घरी सुतारकाम करणाऱ्यांची दरवर्षीची रड. मधल्या काळात पटाशीला कुणी हातही लावलेला नसतो. तरी बोथट. मग पोलादाला शिव्या बसतात, दगडाला बसतात, नवा महागडा संच येतो आणि पुढच्या जुलैत त्याचीही तीच गत होते.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शहरात हौशी माणसाच्या हत्याराची धार लाकूड कापताना जाते त्यापेक्षा जास्त ठेवल्या जागी जाते. त्यामुळे धार लावायचे नवेनवे दगड घेण्याआधी हत्यार कुठे, कशात आणि कसं ठेवलंय ते बघायला हवं. अर्थात प्रत्येक बोथट पटाशीमागे गंजच असतो असं नाही. म्हणून आधी निदान.

धारेकडे उजेडात बघा

ट्यूबलाइटचा पसरट उजेड इथे कामाचा नाही. एकच बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च घ्या आणि पटाशीची धार त्याच्या समोर धरून हळूहळू खालीवर करा. खऱ्या तीक्ष्ण धारेवर उजेड थांबत नाही, तिथे काही दिसतच नाही. जिथे चमकतं तिथे धार नाही.

आता ती चमक कशी आहे ते बघा. टोकापासून टोकापर्यंत सलग बारीक रेघ चमकत असेल तर हत्यार कामाने झिजलंय. त्यात काळजीचं काही नाही, धार लावा आणि कामाला लागा. सागवानात मुळातच सिलिका असते आणि प्लायवूडच्या थरांमधला कडक झालेला गोंद पात्याला वाळूसारखा घासतो, त्यामुळे ही झीज व्हायचीच. चमकणारी जागा म्हणजे एखाददुसरी स्पष्ट खाच असेल तर खिळा लागलाय, किंवा धारेचा कोन फार बारीक ठेवलाय. धार एका बाजूला वळल्यासारखी दिसत असेल, पाठीवरून, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवरून, नख बाहेरच्या दिशेला ओढल्यावर ते अडकत असेल, तर पोलाद मऊ पडलंय. त्याचं कारण पुढे येईल.

आणि धारेवर अनियमित ठिपके चमकत असतील, कुठे दाट कुठे विरळ, तर तो गंज. अशा पटाशीने लाकडावर सफाईचा हात मारला की कापलेल्या जागी समांतर बारीक रेघा उठतात. प्रत्येक रेघ म्हणजे धारेतला एक खड्डा.

कांदिवलीच्या एका मित्राने ऐन पावसात आपली १२ मिलिमीटरची पटाशी आणून टेबलावर ठेवली. "पोलादच भिकार निघालं रे," हा निकाल त्याने घरूनच लावून आणला होता. पाठ टॉर्चखाली धरली तर धारेजवळ तपकिरी रंगात अंगठ्याचा अख्खा ठसा, चक्रा-रेषांसकट. पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला असता इतका स्वच्छ. ठशाची वरची कड थेट धारेपर्यंत गेली होती आणि नेमक्या तेवढ्याच रुंदीत लाकडावर रेघा उठत होत्या. उरलेली धार ठीक होती. पोलादाचा काही दोष नव्हता.

असं का होतं? घामात मीठ असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः ओलं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात ते याचसाठी. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक दिवस आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे पात्यावरचा बोटाचा ठसा दिवसरात्र ओला. त्यात माहीम, वरळी, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत नैऋत्येचा वारा समुद्राचं मीठ आणून टाकतो ते वेगळंच. चांगल्या धारेचं टोक एखाद्या मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं असतं. डोळ्यांना जेमतेम दिसणारा गंजाचा डागसुद्धा त्याच्यापेक्षा खोल जातो. पटाशीच्या अंगावर गंज दिसायला महिना लागेल, धार त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते.

"पण माझ्या पटाशीवर क्रोम-व्हॅनेडियम लिहिलंय" असं कुणी म्हणतं तेव्हा मला गंमत वाटते. त्या पोलादात क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास असतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के लागतं. क्रोम-व्हॅनेडियमची पटाशी गंजते, अगदी व्यवस्थित गंजते.

मऊ पडलेलं पोलाद आणि धारवाला

सायकलवर चाक बसवून फिरणाऱ्या धारवाल्याकडून कात्र्या-सुऱ्या जरूर लावून घ्या. पटाशी आणि रंध्याचं पातं त्याच्याकडे देऊ नका. त्याच्या कसबाबद्दल मला आदर आहे, प्रश्न कोरड्या चाकाचा आहे. साध्या कार्बन पोलादाला पाणी देऊन जो कडकपणा आणलेला असतो, तो उष्णतेने उतरतो. घासताना पातं पिवळसर झालं म्हणजे तापमान २२० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं, निळं-जांभळं झालं म्हणजे ३०० च्या आसपास. निळी पडलेली धार कितीही घासा, चार ठोक्यांत वळते. घरच्या बेंच ग्राइंडरवरही हेच होतं, आणि तिथे तर दोष द्यायला दुसरं कुणी नसतं.

खात्री करायला जुनी बारीक कानस घ्या. धारेजवळच्या भागावर हलकेच फिरवली आणि ती काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर पोलाद कडक आहे. चावली तर मऊ. मऊ भाग दोन-तीन मिलिमीटर घासून काढून टाकला की मागे चांगलं पोलाद मिळतं, मात्र हे घासणं थंडपणे व्हायला हवं. ग्राइंडरवर पात्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंबातून वाफ यायला लागली की लगेच पातं पाण्यात बुडवा. पाणी १०० अंशांना उकळतं, त्यामुळे धोक्याच्या बऱ्याच आधी इशारा मिळतो. चष्मा घाला. हातमोजे मात्र नकोत, ते चाकात ओढले जातात.

गंज काढायचा कसा

वरवरचा तांबूस थर असेल तर ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरता येणारा सँडपेपर) आणि शिलाई मशीनचं तेल, एवढं पुरे. जास्त बसलेल्या गंजाला चायनीज जेवणात वापरतात तो पांढरा व्हिनेगर चालतो. मूठ लाकडी असेल तर ती बाहेर राहील अशा उभ्या बरणीत पातं दोन-तीन तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर भिजत ठेवायचा मोह टाळा. आम्ल गंज खाऊन झालं की पोलादाकडे वळतं आणि पृष्ठभाग राखाडी, खरखरीत करून ठेवतं. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, मग चांगल्या गरम पाण्यात. तापलेलं पातं पुसल्यावर आपोआप कोरडं होतं. लगेच तेल लावा. "चहा घेऊन येतो आणि लावतो" म्हणालात तर परत येईपर्यंत नारिंगी झाक आलेली असेल. पावसाळ्यात खरोखर एवढ्या वेळात येते.

गंज गेला तरी खड्डे राहतात, आणि ते पाठीवर असतील तर खरं काम तिथे आहे. पटाशीची धार दोन पृष्ठभागांच्या भेटीतून होते: एक उतार, म्हणजे तिरकी घासलेली बाजू, आणि एक पाठ. उतार सगळेच घासतात. पाठीकडे कुणी बघत नाही. पाठीवरचा खड्डा धारेपर्यंत पोचला की तिथे खाच पडणारच, उतार आरशासारखा केला तरी.

काचवाल्याकडून ८ किंवा १० मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा कापून आणा, कडा घासून घ्या. त्यावर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. पाठीवर मार्करने रेघोट्या मारा आणि पाठ सपाट टेकवून घासा. जिथली शाई राहिली तिथे खोलगट आहे. सगळी पाठ सपाट करत बसू नका, धारेपासूनचे २०-२५ मिलिमीटर पुरतात. २२०, ४००, ८००, मग १५०० किंवा २०००. खड्डा फारच खोल असेल तर पाठ झिजवण्यापेक्षा उताराकडून घासून धार खड्ड्याच्या मागे नेणं सोपं.

उताराच्या कोनासाठी कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी ३ मिलिमीटर आणि उताराची लांबी ६ मिलिमीटर असेल, म्हणजे बरोबर दुप्पट, तर कोन ३० अंश. लांबी ७ च्या आसपास गेली तर २५ अंश. हौशी कामाला मूळ उतार २५ चा आणि धारेशी अगदी बारीक पट्टी ३० ची, ही जोडी मला सर्वांत व्यवहारी वाटते. पुढच्या वेळी फक्त ती पट्टी घासायची, काम झटपट होतं. घासताना पाठीच्या बाजूला बोट धारेच्या बाहेरच्या दिशेने फिरवा. पूर्ण रुंदीत खरखर लागली तरच पुढच्या नंबरच्या पेपरकडे जा. निम्म्याहून जास्त लोक इथेच घाई करतात, आणि मग एका कोपऱ्यात धार येतच नाही म्हणून हैराण होतात.

दगडावर धार लावत असाल तर दगडाचा मध्य खोल झालाय का तेही बघा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, त्याच काचेवर जाडा वॉटर पेपर ठेवून घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट.

आता मुख्य गोष्ट: ठेवायचं कशात

हत्यार ठेवायच्या दोन जागा चांगल्या. एक, पक्क्या झाकणाचा हवाबंद डबा. दोन, घराच्या आतल्या भिंतीवर, मोकळ्या हवेत, पंख्याच्या वाऱ्यात. या दोहोंच्या मधलं सगळं वाईट. गॅलरीतलं पत्र्याचं कपाट, पलंगाखालची ट्रंक, पश्चिमेच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेला खण: इथे दमट हवा आत जाते पण खेळत नाही.

चामड्याच्या गुंडाळीत पटाश्या ठेवलेल्या दिसतात छान. पण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली आम्लं-क्षार त्यात राहिलेले असतात. गुंडाळी कामावर नेण्यासाठी वापरा, महिनोन्‌महिने ठेवायला नको. वर्तमानपत्राचं तेच. स्पंजच्या खाचांचे ट्रे त्याहून वाईट, कारण हत्याराच्या नेमक्या आकारात ओल दाबून धरतात. नव्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुगा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांच्या) बंद कपाटात गोंदातून निघणारी आम्लयुक्त वाफ साठते, तीही धातूला लागते.

स्वयंपाकघरातला रबरी कड असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा मोठा प्लास्टिकचा डबा मला सगळ्यांत बरा वाटतो. त्यात सिलिका जेलच्या पुड्या. सिलिका जेल कपाटात उघडं ठेवून काही उपयोग नाही. ते मुंबईची हवा कोरडी करायला जातं आणि दोन दिवसांत हरतं. रंग बदलणारे दाणे घ्या म्हणजे भरलेत की नाही ते कळतं. निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून नारंगी घेतलेले बरे. १२० अंशांच्या आसपास दोन-एक तास तापवले की पुन्हा कामाला येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती कुणीतरी सांगेलच. ती चालायची कारण जुना बल्ब तापायचा. आताचा एलईडीचा झिरो बल्ब जवळजवळ तापतच नाही. आणि जुना तापणारा बल्ब भुश्याच्या शेजारी पेटता ठेवून कामावर निघून जाणं मला मुळीच पटत नाही. कापराची वडी ठेवा हवी तर, पण तिच्या भरवशावर राहू नका.

एसीची खोली हा नवा घोळ. हत्यारं एसीत ठेवली की कोरडी राहतात हे खरं. पण बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून थंड वस्तूवर हवेतलं पाणी जमतं. २४ अंशांच्या खोलीतून काढलेला लोखंडी रंधा गॅलरीत नेला की मिनिटभरात त्याला घाम फुटतो. काम संपल्यावर तो तसाच परत आत. डब्यातून काढायच्या आधी डबा बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या, हत्यार बाहेरच्या हवेइतकं गरम होतं आणि हा प्रश्न उरत नाही.

तेल की मेण

तेलाचा पातळ हात, लगेच कोरड्या फडक्याने पुसलेला. थबथबीत तेलावर भुसा बसतो आणि भुसा ओल धरतो. शिलाई मशीनचं तेल उत्तम. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट साल बनतं. खोबरेल वाळत नाही पण काही महिन्यांनी खवट होऊन चिकटतं. पाणी हटवणारे स्प्रे भिजलेलं हत्यार कोरडं करायला चांगले, मात्र त्यांचा थर फार पातळ असतो, अख्खा पावसाळा काढायला पुरत नाही.

दीर्घ मुक्कामासाठी मेण. मधमाशीचं मेण किसून टर्पेंटाइनमध्ये बुडवून झाकून ठेवा, एक-दोन दिवसांत मलम होतं. गॅसवर तापवू नका, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. पात्यावर लावा, सुकू द्या, पुसा. रंध्याच्या तळाला साधी मेणबत्ती घासली तरी गंजही अडतो आणि रंधा लाकडावर असा पळतो की धार नुकतीच लावली असं वाटावं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र सुतारकामाच्या खोलीत आणूच नका. त्याचा अंश लाकडाला लागला की नंतर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश तिथे पसरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि सँडपेपर मारूनही ते सहज जात नाहीत.

काम आटोपल्यावर हत्यार पुसणं हे या सगळ्यापेक्षा मोठं. तेलाचं फडकं काचेच्या बरणीत तयार ठेवा. पुसल्यावर पात्याला बोट लावायचं नाही, मूठ धरूनच डब्यात.

खंडेनवमीची एक गोष्ट. हत्यारं पूजेला मांडायची, गंध-हळदकुंकू लावायचं, फुलं वाहायची, आणि ती दसरा उलटेपर्यंत तशीच राहायची, असं बऱ्याच घरांत होतं. ओलं गंध आणि फुलाच्या देठाचं पाणी पात्यावर रात्रभर राहिलं की खाली काळा डाग पडतो. माझी आई हळदकुंकू पात्याला न लावता मुठीला लावते, आणि देवाला ते चालतं असं तिचं म्हणणं. पातीच पुजायची असतील तर आधी मेणाचा हात द्या. तसंही पाऊस सरलेला असतो, त्यामुळे वर्षाची मोठी साफसफाई याच मुहूर्तावर काढावी.

घेतानाच काय बघायचं

चोर बाजारात जुनी पटाशी किंवा रंध्याचं पातं घेताना वरच्या बाजूचा गंज मनावर घेऊ नका, तो निघतो. पाठ बघा, धारेकडची दोन बोटं. तिथे नखाला लागणारे खड्डे असतील तर हत्यारांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्डचा शिक्का असला तरी सोडून द्या, नाहीतर भाव निम्म्यावर आणा. पातं वापरून वापरून आखूड झालेलं असेल तर तेही बघा, मागे कडक पोलाद थोडंच उरलेलं असतं.

नागदेवी स्ट्रीटवर, मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नवी घेत असाल तर बारा नगांचा संच नको. ६, १२ आणि २५ मिलिमीटर, एवढ्यावर घरातली बहुतेक कामं होतात, आणि तीन पटाश्या पुसून ठेवणं बारा पुसण्यापेक्षा नक्की घडतं. नव्या पात्यावर बऱ्याचदा लॅकरचा पारदर्शक थर असतो. पहिल्यांदा धार लावताना धारेजवळचा तेवढा थिनरने काढा, वरचा राहू द्या, तो गंजापासून वाचवतोच आहे.

करवतीच्या दातांत अडकलेला ओलसर भुसा ब्रशने झाडून मेण लावा. जुन्या पद्धतीच्या लाकडी रंध्याची पाचर पावसाळ्याआधी सैल करून ठेवा, कारण लाकूड फुगलं की ती अशी आवळते की ठोकून काढताना रंध्याचं तोंड चिरतं. काटकोन तपासायचा गुण्या डब्यातच.

डब्यात हत्यारांबरोबर एक साधा लोखंडी खिळा ठेवा, वॉटर पेपरने चकचकीत घासलेला, तेल न लावलेला. पटाशीला तेलाचा आधार असतो, खिळ्याला नसतो, त्यामुळे डब्यात ओल शिरली तर आधी तो लाल होतो. खिळा लाल दिसला तर सिलिका जेल तापवून घ्या, नवा खिळा ठेवा. आठवडाभरात तोही लालसर झाला तर झाकणाचं रबर गेलंय, डबा बदला.